युनिट तीनची फ्लॉपी

१

रविवारी सकाळी सव्वादहाला हर्षलाने फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली, खटका खाली दाबला आणि फाईलींची यादी मागवणारा डीआयआर हा शब्द लिहून एंटर मारलं. ड्राइव्हने खरखर केली. हिरव्या पडद्यावर एक ओळ आली. जी यायला हवी होती ती आली नाही.

तिने पुन्हा एंटर मारलं. पुन्हा तीच ओळ.

मागच्या रविवारी याच मशीनवर चार माणसांनी या फ्लॉपीवर ‘नोंद’ नावाची फाईल डोळ्यांनी पाहिली होती. आता ती नव्हती. तिच्या जागी ‘खेळ’ नावाचा एक फोल्डर होता. त्याच्यासमोर तारीख होती एक जानेवारी ऐंशी आणि वेळ दोन एकावन्न. तारखेकडे कुणी लक्ष दिलं नाही. या जातीच्या मशीनमध्ये बंद असताना चालणारं घड्याळच नसतं. तारीख हाताने घातली नाही, तर ते कायम ऐंशी सालच्या पहिल्या दिवसात जागं होतं.

“काका, फाईल गेली,” हर्षला म्हणाली.

सहदेव शिंगटे खुर्चीतून उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

मोहोपाड्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहा ते एक डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची कॉम्प्युटर प्रणाली, चालायचं. सहदेवकाका सत्तरीचे. रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. कारखान्याने भंगारात काढलेलं एक्सटी कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णव साली त्यांनी मागून घेतलं आणि टेंपोतून घरी आणलं. मोठ्या, लवचिक, सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह उभ्या तालुक्यात तेवढाच चालू होता. जितेश ठोंबरेचं खालापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे लॅपटॉप उघडून कंटाळलेला हा माणूस इथे येऊन चारशे बाईटमध्ये चालणारे प्रोग्राम लिहायचा आणि त्यातला एखादा बाईट वाचला की आठवडाभर खुशीत असायचा. साईनाथ गायकर काकांच्याच जुन्या कारखान्यात, आता मालक बदललेल्या, सेफ्टी विभागात होता. तो फक्त जुने गेम खेळायला यायचा आणि ते कबूलही करायचा. हर्षला कर्जतच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. बेसिक भाषेची पहिली ओळ तिने बाराव्या वर्षी याच खोलीत, याच काळ्या कीबोर्डवर लिहिली होती.

काकांनी तिला फी न घेता शिकवलं होतं. कारण ती सखा बैलमारेची मुलगी होती.

२

सखा बैलमारे लोधिवलीचा. जून शहाण्णवमध्ये कारखान्याच्या युनिट तीनमध्ये, दुसऱ्या पाळीत, संध्याकाळी वायू सुटला आणि त्यात तो मेला. तेव्हा हर्षला नऊ वर्षांची होती. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की ऑपरेटर ड्युटीवर झोपला होता आणि धोक्याची घंटा वाजूनही उठला नाही. त्या दिवशी गावातला पोशा पाटीलही तिथे होता. तो वाचला, पण फुप्फुसं गेली. पुढे सात वर्षं तो खोकत जगला. त्याची बायको हर्षलाच्या आईशी, गौराबाईशी, पुन्हा एक शब्द बोलली नाही. विहिरीवर गौराबाई आली की बाकीच्या बाया कळशी उचलायच्या. ज्याच्या झोपेने गावचा माणूस गेला, त्याची ती बायको होती.

युनिट तीनमध्ये वायूचं प्रमाण टिपणारा प्रोग्राम सहदेवकाकांनीच लिहिला होता. दर दोन सेकंदांनी एक ओळ: वेळ, वायूचं प्रमाण आणि घंटा जोडलेली असेल तर एक, तोडलेली असेल तर शून्य. त्या दिवसाची फ्लॉपी चौकशीत सापडली नाही, असं सगळे म्हणायचे. मागच्या रविवारी काकांच्या लोखंडी पेटीतल्या दीडशे फ्लॉप्या लावताना ती हर्षलाच्या हाती लागली. पाकिटावर काकांचंच अक्षर होतं: ‘युनिट ३, ११ जून ९६’.

त्यांनी यादी पाहिली. फाईल होती. पण ड्राइव्हचं डोकं, फ्लॉपी वाचणारा भाग, अडखळत होतं, आणि तीस वर्षं जुन्या फ्लॉपीला फार फिरवलं तर ती खरवडून निघते. जितेश म्हणाला, अशा फ्लॉपीची हुबेहूब प्रत घेणारी सर्किटची पाटी त्याने मागवली आहे, ती आठवड्यात येईल, तोवर कुणी हात लावू नये. सगळ्यांना ते पटलं. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. काकांनी स्वतः चंदेरी पट्टी लावली आणि फ्लॉपी कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप नव्हतं.

आता हर्षलाने फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. खाचेवर पट्टी होती. पण कडेला जुन्या डिंकाची एक रेघ दिसत होती आणि नवी पट्टी तिच्यापासून केसभर सरकलेली होती. कुणीतरी पट्टी काढली होती, काम केलं होतं, आणि पुन्हा लावली होती.

“आठवडाभरात कोण कोण आलं होतं, काका?” तिने विचारलं.

ते चष्मा पुन्हा घालत म्हणाले, “बुधवारी दुपारी मी चौकला औषध आणायला गेलो होतो. तेवढा वेळ मी घरी नव्हतो.”

जितेशने मान वर केली. बुधवारी दुपारी तोच आला होता.

३

जितेशच्या वडिलांचं नाव त्या चौकशीच्या अहवालावर सही म्हणून होतं. ठोंबरेसाहेब त्या पाळीचे इनचार्ज होते. हे चौघांनाही माहीत होतं आणि इतक्या रविवारांत तो विषय कुणी कधी काढला नव्हता.

हर्षला स्वयंपाकघरात गेली. काकांची बायको विमलबाई तांदूळ निवडत होती. हर्षलाने तिला आठवडाभराचं विचारलं आणि विमलबाईने हात न थांबवता सांगितलं. बुधवारी जितेश आला. प्रिंटरची शाईची फीत द्यायला. अर्धा तास मागच्या खोलीत बसला, चहा तिनेच नेऊन दिला. शुक्रवारी बाराला साईनाथ भाजी घेऊन आला, पण त्या दिवशी दहापासून चारपर्यंत लाईट नव्हती, म्हणून तो ओट्यावरूनच गेला.

“नि बाकी कोन नाय गं. गुरुवारी तर कोनच नाय. यांना जेवायला हाका मारून माजा घसा बसला, तरी उठलं नाय. भाकरी वाळून गेली.”

हर्षलाने ते ऐकलं, पण तिचं मन बुधवारच्या अर्ध्या तासात अडकलं होतं. साईनाथला त्या दिवशी वीजच नव्हती. उरला जितेश. ती मागच्या खोलीत परत आली आणि तिने जितेशला सरळ विचारलं, तू बुधवारी फ्लॉपी घातली होतीस का.

जितेश रागावला नाही. तो म्हणाला की त्याने फीत बदलली, एक पान छापून पाहिलं आणि चहा पिऊन गेला.

“तुझ्या वडिलांना वाचवायला माणूस एवढं करू शकतो,” हर्षला म्हणाली.

साईनाथ खाली बघत होता. काकाही. जितेशने पिशवीतून ती नवी पाटी काढली, वायरी जोडल्या, फ्लॉपी घातली आणि वीस मिनिटं घालवून तिची पहिल्या वर्तुळापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत प्रत घेतली. ती पेनड्राइव्हवर टाकून त्याने हर्षलाच्या हातात दिली.

“पुसलेली फाईल पूर्ण जात नाही. हे तू मुलांना शिकवतेस,” तो म्हणाला. “बघ काय राहिलंय. आणि बाबा अजून जिवंत आहेत. त्यांनाच येऊन विचार.”

तो निघून गेला. त्याची रविवारची वही टेबलावरच राहिली.

४

सोमवारी कॉलेजात तिला दोन तास मोकळे होते. लॅपटॉपवर तिने डॉस चालवणारा प्रोग्राम उघडला, त्यात जितेशने घेतलेली प्रत लावली आणि फ्लॉपीचा कण न् कण दाखवणारं जुनं हत्यार सुरू केलं. हे हत्यार वापरायला तिला काकांनीच शिकवलं होतं. डॉस फाईल पुसतं म्हणजे फक्त नावाचं पहिलं अक्षर खोडतं आणि जागा मोकळी झाली असं लिहून ठेवतं. मजकूर तिथेच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत.

इथे मात्र वर काहीतरी बसवलेलं होतं. ‘खेळ’ फोल्डरमध्ये एक गेम होता, चौऱ्याण्णव हजार बाईटचा. रविवारच्या खोलीत तो कधी कुणी खेळलेलं तिला आठवत नव्हतं. फाईलच्या सुरुवातीचा भाग त्याच्याखाली कायमचा गेला होता. तिने पुढची पानं उलटली. कचरा, कचरा, मग अचानक सरळ ओळी.

पहिली वाचता येणारी ओळ चार वाजून नऊ मिनिटांची होती. वायू नेहमीइतका. घंटा शून्य.

ती ओळीमागून ओळ वाचत गेली. सव्वाचार, साडेचार, पाच. घंटा शून्य. पाच वाजून एकवीस मिनिटांनी आकडा चढायला लागला. घंटा शून्य. पाच एकोणतीसला तो धोक्याच्या रेषेच्या दुप्पट झाला. घंटा शून्य. पाच अडतीसला आकडा चढायचा थांबला आणि हळूहळू उतरू लागला.

आकडा आपोआप उतरत नाही. युनिट तीनचा वायू बंद करणारा व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागायचा, त्याला पंधरा-सोळा आटे होते, आणि त्याच्यापाशी ऑपरेटर एकटाच असायचा. झोपलेल्या माणसाने तो फिरवला नव्हता.

हर्षलाने लॅपटॉप बंद केला. पुढच्या तासाला ती वर्गात गेली, फळ्यावर काहीतरी लिहिलं, आणि मुलांनी सांगितल्यावर तिच्या लक्षात आलं की ती एकच ओळ तीनदा लिहिते आहे.

संध्याकाळी तिने ओळी छापून घेतल्या. आईकडे लगेच जावं असं तिला वाटत होतं. पण एक गोष्ट तिला सोडत नव्हती. ज्याने फाईल पुसली त्याने हे कसं राहू दिलं?

५

ठोंबरेसाहेब खालापुरात जितेशच्या दुकानाच्या वरच राहायचे. वय ब्याऐंशी. एका बाजूने अंग गेलेलं, पण बोलणं स्वच्छ होतं. जितेश तिला वर सोडून खाली गेला. आत आला नाही.

तिने कागद त्यांच्यासमोर धरले. ते वाचायला त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुला काय हवंय.

तिने विचारलं की घंटा कुणी तोडली होती. प्रोग्रामची छापील प्रत तिला तोंडपाठ होती, बेसिक ती त्याच्यावरच शिकली होती. घंटा तोडायची असेल तर मशीन नावाची आद्याक्षरं विचारायचं आणि त्या ओळीत ती नोंदवायचं. अक्षरं फक्त दोघांची चालायची, पाळीच्या इनचार्जची आणि इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची.

“त्या दिवशी तीन ते साडेपाच मी गेटवर होतो,” साहेब म्हणाले. “बाहेरून तपासणीला माणसं आली होती. रजिस्टर होतं, साक्षीदार होते. घंटा मी तोडली नाही.”

“मग बाबा झोपले होते हे कुणी लिहिलं?”

“मी लिहिलं.”

त्यांनी ते सहज सांगितलं, आणि तिला राग यायलाही क्षण लागला. ते पुढे म्हणाले की वरून फोन आला होता, घंटा बंद होती असं लिहिलं तर प्लांट सहा महिने बंद राहील, हजार माणसं घरी बसतील. मेलेला माणूस तक्रार करणार नव्हता. टेक्निशियनने जबाबात सांगितलं की घंटा चालू होती. मग उरलं काय, माणूस झोपला असणार.

“मी ते झोपणं घडवलं नाही, फक्त लिहिलं. तुझ्या दृष्टीने दोन्ही सारखंच असेल.”

“हो,” हर्षला म्हणाली.

जिना उतरून ती दुकानात थांबली. जितेश एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होता. चुकले मी, असं ती म्हणाली. त्याने मान हलवली, पण स्क्रूवरून नजर काढली नाही. बाबांनी काय सांगितलं हे त्याने विचारलं नाही. बहुतेक त्याला ते आधीपासून माहीत होतं.

कर्जतच्या एसटीत बसल्यावर तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडलं, आणि खिडकीबाहेर टोलनाका मागे पडत असताना तिला ती वेळ आठवली. दोन एकावन्न.

६

गुरुवारी दुपारी ती मोहोपाड्याला गेली. काका मागच्या खोलीत एकटेच होते. मशीन बंद होतं.

ती त्यांच्यासमोर बसली आणि तिने जे ताडलं होतं ते सांगितलं. वर्गात सांगते तसंच, एकामागून एक.

हे मशीन चालू केलं की शून्य वाजल्यापासून मोजायला लागतं. ‘खेळ’ फोल्डर दोन एकावन्नला तयार झाला. म्हणजे तो बनवणारा माणूस मशीन चालू करून दोन तास एकावन्न मिनिटं इथे बसला होता. जितेश अर्धा तास होता. साईनाथच्या वेळी वीज नव्हती. मागच्या आठवड्यात गुरुवारी घरात कुणी आलं नाही, आणि एक माणूस जेवायला उठला नाही.

दुसरं, अडाणी माणसाने नुसती फाईल पुसली असती आणि ती सबंध परत मिळाली असती. सगळं घालवायचं असतं तर जाणकाराने फ्लॉपी फॉरमॅट केली असती, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. या माणसाने दोन्ही केलं नाही. त्याने पेटीतल्या चाळीस गेममधून बरोबर चौऱ्याण्णव हजारांचा गेम शोधला, म्हणजे चार वाजून नऊ मिनिटांपर्यंतचाच भाग झाकला जाईल. चार नऊला युनिट तीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याच्या आधी लपवण्यासारखी एकच ओळ असू शकते. घंटा तोडल्याची. आणि तिच्यातली अक्षरं.

“आणि तुम्ही पट्टी पुन्हा लावलीत,” ती म्हणाली. “उरलेल्या ओळी जपायला. चोर कशाला लावेल?”

काकांनी टेबलावरचा कीबोर्ड बाजूला सारला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. थांबत थांबत, पण काही न लपवता.

त्या आठवड्यात घंटा उगाच वाजायची. सेन्सर बिघडला होता. चार वाजून सहा मिनिटांनी त्यांनी ती तोडली, सेन्सर काढला, साफ करून बसवला. तेवढ्यात युनिट एकमधून बोलावणं आलं. ते गेले. परत यायला सहा वाजले, तोवर सगळं झालं होतं. घंटा जोडून मग गेलो, असं त्यांना वाटत होतं. जबाबात त्यांनी तसंच सांगितलं आणि तेव्हा ते खोटं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. साहेबांनी फ्लॉपी जाळून टाक म्हणून हातात दिली. त्यांनी घरी आणून पेटीत टाकली.

“पहिली दोन-तीन वर्षं मला खात्री होती. पुढे नव्हती. बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.” ते थांबले. “मागच्या आठवड्यापर्यंत नाही बघितलं.”

“आणि मला शिकवलंत.”

“हो.”

“कशासाठी?”

उत्तर तिला नकोच होतं. तिने दुसरंच विचारलं, सगळं का नाही पुसलंत.

“सखावरचा डाग जावा म्हणून. पुढच्या ओळी तुला सापडतील हे मला माहीत होतं. तू सोडणार नाहीस हेही.”

म्हणजे हेही त्यांनी धरलं होतं. फाईल पुसायची त्यांनी, शोधायची तिने, आणि अर्धं खरं घेऊन आईकडे धावायचं तेही तिनेच. मधल्या मधे जितेशवर संशय जाईल तर जाऊ द्यायचा. बुधवारी मी चौकला गेलो होतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं. तिने ते बोलून दाखवलं.

“जितेशचं मी मुद्दाम नाही केलं,” काका म्हणाले. मग म्हणाले, “तोंडातून गेलं, मग मागे घेतलं नाही.”

दारात विमलबाई उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिने नवऱ्याकडे पाहिलं, हर्षलाकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

“रविवारी लोधिवलीला या,” हर्षला उठत म्हणाली. “आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

७

ते आले. साईनाथने त्यांना मोटारसायकलवरून गावच्या फाट्यापर्यंत सोडलं, तिथून ते एकटेच चालत आले. गौराबाई पडवीत बसली होती. हर्षलाने तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की बाबा झोपले नव्हते, वायू बंद करायचं चाक त्यांनी फिरवलं होतं, आणि त्याचा कागद मिळाला आहे.

सहदेवकाका उभे राहूनच बोलले. घंटा कुणी तोडली, कधी तोडली, चौकशीत काय सांगितलं, फ्लॉपी कुठे होती, दहा दिवसांपूर्वी तिचं काय केलं. पोशा पाटलाचंही नाव त्यांनी घेतलं. माफी त्यांनी मागितली, पण ती त्यांना स्वतःलाच अपुरी वाटली असावी, कारण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

गौराबाईने त्यांना काही विचारलं नाही. तिने लेकीकडे वळून विचारलं, “त्यानं ते चाक फिरवलं, ते किती वाजता?”

“पाच अडतीस, आय.”

“सोताच्या हातानं?”

“हो.”

गौराबाईने पदर गुडघ्यावर ओढला आणि ती अंगणाकडे बघत बसली. काकांनी निघायची चुळबुळ केली तेव्हा ती बोलली. आवाज चढलेला नव्हता.

“शिंगटे, लोक बोलले त्याचं मला काय नाय. लोक बोलत्यात. पन मी बी मानलं. माजा माणूस झोपला नि त्यानं पोशाला मारलं, ह्ये मी बी मानलं. येकोनतीस वरसं मी त्याला रोज शिव्या घातल्या. चूल पेटवताना घातल्या, शेतावर घातल्या. ही पोर विचारायची, बाबा कसं व्हते, तर मी सांगायची, झोपाळू व्हता.” ती थांबली. “त्याचं पित्तर घातलं तरी जेवाय बलवताना मनात म्हनायची, उठ आता, आता तरी उठ. मी कुनाला नाय माफ केलं, तर त्याला नाय केलं. त्याचं मी काय करू?”

काका पडवीचा खांब धरून उभे राहिले.

“तुमी जावा,” ती म्हणाली.

ते गेले. हर्षलाने कारखान्याला पत्र लिहिलं, कागद जोडले, साईनाथने ते आत नेऊन दिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की जुन्या व्यवस्थापनाच्या काळातली कागदपत्रं उपलब्ध नाहीत आणि संगणकीय नोंदीचा आरंभीचा भाग नसल्याने तिची खातरजमा होऊ शकत नाही. ठोंबरेसाहेब पावसाळ्याच्या शेवटी वारले. जितेशने मशीनवर बसणं सोडलं. विमलबाई बहिणीकडे राहायला गेली ती दिवाळीपर्यंत आली नाही, आणि आल्यावर तिने नवऱ्याचं ताट वाढणं तेवढं पुन्हा सुरू केलं.

लोधिवलीत गौराबाई तो कागद घेऊन पोशा पाटलाच्या घरी गेली होती. एकटीच. पोशाच्या बायकोला वाचता येत नव्हतं, गौराबाईलाही नाही. दोघी कागद मध्ये ठेवून बसल्या आणि गौराबाईने त्यातलं तोंडी सांगितलं. मग पोशाची बायको म्हणाली की आता ह्ये कशाला आणलंस गं, माजं रडून झालंय कवाच, नि उठून तिने गोठ्यात जाऊन आतून दार लावून घेतलं.